तामलवाडीच्या वाटेवरचा वायरलेस : बिनतारी तंत्रज्ञांची जवळपास शंभर वर्षे

१/२१
कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांचा राहत नाही. तो पायी चालणाऱ्या भाविकांचा होतो. सोलापूर जिल्हा आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून लोक रात्रभर चालत भवानीच्या दर्शनाला निघतात. सोलापूर सोडून धाराशिव जिल्ह्यात शिरले की याच रस्त्यावर तामलवाडी लागते. अशा गर्दीत मोबाइलचे जाळे तुंबते, फोन लागेनासे होतात. त्या वेळी बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या हातातला संच मात्र बोलत असतो. लोक त्याला ‘वायरलेस’ म्हणतात. सरकारी कागदावरचा शब्द आहे ‘बिनतारी संदेशवहन’.

२/२१
तो संच आपोआप बोलत नाही. कुणीतरी त्याची बॅटरी भारित ठेवलेली असते, कुणीतरी मनोऱ्यावर चढून अँटेना तपासलेली असते, कुणीतरी नियंत्रण कक्षात पाळी करीत असते. इतिहासाच्या पुस्तकांत संदेश देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची नावे येतात. तो पोहोचवणाऱ्याचे नाव सहसा येत नाही. हा थ्रेड त्या बिनतारी तंत्रज्ञाविषयी आहे. त्याचे काम कसे होते, त्याच्या पेशाला भवितव्य किती होते, आणि यंत्र कालबाह्य झाल्यावर त्याचे काय झाले, हे महाराष्ट्रातील काही प्रसंगांतून पाहता येते.

३/२१
सुरुवात पुण्याजवळून करू. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात ‘बीम वायरलेस’ सेवा सुरू झाली. तोवर परदेशी तारा प्रामुख्याने समुद्रतळावरच्या केबलमधून जात. आता लघुलहरींचा झोत थेट इंग्लंडच्या दिशेने सोडता येऊ लागला. त्यासाठी प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला उभारण्यात आले. दोन्ही एकाच जागी का नाहीत? शेजारच्या बलाढ्य प्रक्षेपकाच्या गोंगाटात हजारो मैलांवरून आलेला क्षीण संकेत बुडून जातो, म्हणून. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात मुद्दाम अंतर ठेवावे लागे.

४/२१
या केंद्रांवरचे काम जुन्या तारबाबूच्या कामाहून निराळे होते. तारबाबू मोर्सची ‘कट्ट-कड’ कानाने ऐकून कागदावर उतरवीत असे. बीम सेवेत संदेश आधी कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपाने उमटवला जाई, मग यंत्र ती पट्टी हाताच्या कितीतरी पट वेगाने पाठवी. पलीकडे शाईची नागमोडी रेघ पट्टीवर उमटे आणि माणूस ती डोळ्यांनी वाची. म्हणजे वर्षानुवर्षे तयार केलेल्या कानाची जागा १९२७ सालीच डोळ्याने घ्यायला सुरुवात केली होती. या पेशातील पहिला धडा हाच: हातातले कौशल्य निवृत्तीपर्यंत पुरेलच असे नाही.

५/२१
मात्र या केंद्रांच्या गोष्टीत दुसराही धागा आहे. बीम सेवा चालवणाऱ्या कंपनीचे आणि केबल कंपनीच्या भारतातील कारभाराचे १९३० च्या दशकात एकत्रीकरण झाले. १९४७ साली सरकारने हा सारा व्यवहार ताब्यात घेतला आणि ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’, म्हणजे ओसीएस, हे खाते निर्माण झाले. मालक बदलले, पाटी बदलली, पण काम एका संस्थेकडून दुसरीकडे अखंड सोपवले गेले. हा धागा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

६/२१
याच काळात सरकारने या विद्येभोवती कुंपण घातले. १८८५ च्या तार कायद्याच्या जोडीला १९३३ साली स्वतंत्र बिनतारी तार कायदा आला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. सुताराला रंधा बाळगण्यासाठी किंवा लोहाराला भाता ठेवण्यासाठी सरकारी कागद लागत नसे; बिनतारी तंत्रज्ञाला लागू लागला. त्याची विद्या त्याची होती, पण ती वापरण्याची मुभा सरकारची होती. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले, तेव्हा या कुंपणाची उंची सर्वांना कळली.

७/२१
आणि तरीही १९४२ साली मुंबईत ते ओलांडले गेले. ‘चले जाव’ आंदोलनात नेते तुरुंगात गेल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटरवरून ‘भारतातील कुठूनतरी’ बोलणारे हे केंद्र प्रत्यक्षात मुंबईतल्या मुंबईत बिऱ्हाड हलवीत होते. शोधक यंत्रे घेतलेल्या गाड्या लहरींचा माग काढीत, म्हणून जागा सतत बदलावी लागे. देशभक्तीचे भाषण कोणीही लिहू शकले असते. प्रक्षेपक जुळवणे, तो सोडवून दुसऱ्या घरात पुन्हा उभा करणे आणि ठरल्या वेळी लहरीवर आणणे, हे जाणकाराचेच काम होते.

८/२१
१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस या केंद्रापर्यंत पोहोचले. प्रक्षेपक उभारणारा तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर आधी पकडला गेला होता आणि पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणात तंत्रज्ञाचे नाव इतिहासात राहिले ते फितुरीमुळे. ती फितुरी क्षम्य ठरत नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्या काळी शहरात प्रक्षेपक बांधू शकणारी माणसे मोजकी होती, म्हणून संशयाची सुई त्यांच्याकडे लवकर वळणे स्वाभाविक होते. दुर्मीळ विद्या माणसाला मोल देते, तशीच ती त्याला उघडेही पाडते.

९/२१
आता पुन्हा तामलवाडीकडे. १९४८ साली सोलापूर भारतात होते आणि तुळजापूर-नळदुर्गचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरले. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि तेथील ठाणी घेण्यात आली. दुसरी तुकडी तुळजापूरवर गेली. तेथे संस्थानी पायदळ आणि रझाकार यांनी सुमारे दोन तास प्रतिकार केला. मेजर जनरल जयंतोनाथ चौधरींच्या नेतृत्वाखालील ही मोहीम पाच दिवसांत आटोपली.

१०/२१
इतक्या वेगाने सरकणाऱ्या फौजेच्या मागे तारा ओढीत जाता येत नाही. रणगाडे, पायदळ आणि मुख्यालय एकमेकांशी बोलत ते बिनतारी संचांवर. ब्रिटिश पद्धतीच्या रणगाड्यात यासाठी वेगळा माणूस नसे. तोफेत गोळा भरणाराच वायरलेस चालवी. एका हाताने गोळा, कानाला हेडफोन, समोर सतत सरकणारी वारंवारिता, आणि अवतीभवती इंजिनचा धडधडाट. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या कथांत गावोगावचे सत्याग्रही आहेत, सरहद्दीवरचे कॅम्प आहेत, सेनापती आहेत. या गोळा भरणाऱ्याचे नाव शोधावेच लागेल.

११/२१
युद्धानंतर लष्कराचे जादा साहित्य बाजारात आले. जुने संच, व्हॉल्व्ह, मीटर, कॉइल अशा वस्तूंवर मुंबईत हौशी मंडळींची एक पिढी शिकली. लॅमिंग्टन रोडची बाजारपेठ तर आजही सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. दुसरीकडे १९५० नंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, उभ्या राहू लागल्या. त्यांतून ‘रेडिओ मेकॅनिक’ हा रीतसर व्यवसाय झाला. घरातला रेडिओ परवान्याचा असण्याच्या त्या काळात तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारा म्हणजे मोठा जाणता गृहस्थ समजला जाई. पुढे याच व्यवसायाचे ‘रेडिओ व टीव्ही’ झाले आणि आता तो ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ या नावाने शिकवला जातो. नावातून रेडिओ गेला, सोल्डरिंगची कांडी राहिली.

१२/२१
१९५६ साली उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्य पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय पुण्यात. जिल्ह्यांत त्याची केंद्रे. येथे दोन जातींची कामे असतात. यंत्रचालक पाळीत बसून संदेश घेतो, वेळ नोंदवतो, अग्रक्रम ठरवून पुढे पाठवतो. यांत्रिक संच दुरुस्त करतो, बॅटऱ्या सांभाळतो, अँटेना आणि मनोरे पाहतो. एकेकाळी दूरच्या केंद्रांशी बोलणे मोर्समध्ये चाले. आवाज पोहोचत नाही अशा खराब हवेतही मोर्सचा टिपका पोहोचत असे. सणवार हा या माणसांचा सर्वांत गर्दीचा दिवस: गावाची जत्रा, त्यांची दुहेरी पाळी.

१३/२१
पोलीस ठाणी आणि गाड्यांत आले ते व्हीएचएफ संच. त्यांच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वीची वक्रता आणि डोंगर त्यांना अडवतात. जमिनीपासून ३० मीटर उंच अँटेनेचे क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर येते. म्हणून उंची म्हणजेच पल्ला. तामलवाडी घाटाच्या पायथ्याकडच्या सपाटीवर आहे, तर तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर. अशा मुलखात उंचावर ‘रिपीटर’ बसवला तर तो खालचा क्षीण संकेत घेऊन जोरात पुढे फेकतो. त्या रिपीटरचा दिवा विझू नये यासाठी पावसात, वाऱ्यात कोणीतरी टेकडी चढत असते. किल्ल्यांच्या इतिहासात उंचीला जे मोल, तेच बिनतारीतही.

१४/२१
उंचीची परमावधी १९७२ साली गाठली गेली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्र राष्ट्राला अर्पण झाले. हिंदी महासागरावरच्या उपग्रहामार्फत परदेशी दूरध्वनी आणि टेलेक्स जाऊ लागले. हे केंद्र ओसीएसचे, म्हणजे खडकी-दौंडचा वारसा सांगणाऱ्या त्याच खात्याचे. लघुलहरींची विद्या मागे पडली, सूक्ष्मलहरींची पुढे आली. पण खाते तेच राहिले. त्या खात्यात नोकरीला असलेल्या माणसापुढे नवी विद्या ही धमकी म्हणून आली तशीच बदलीचा हुकूम म्हणूनही आली. पाचव्या तुकड्यातला धागा हाच.

१५/२१
३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटे. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अधिकृत आकड्यानुसार सात हजार नऊशेहून अधिक माणसे गेली; बावन्न गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. अशा वेळी पहिला प्रश्न अन्नाचा नसतो, बातमीचा असतो: कोणत्या गावात किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, कोणत्या रस्त्याने जाता येईल, डॉक्टर कुठे हवेत? हे कळले नाही तर मदत निघते आणि चुकीच्या गावी पोहोचते.

१६/२१
त्या दिवसांत पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेबरोबर हौशी रेडिओचालक, म्हणजे ‘हॅम’, बाधित भागात उतरले. गाडीची बॅटरी, एक संच आणि दोन खांबांमध्ये ताणलेली तार एवढ्यावर त्यांचे केंद्र उभे राहते. त्यांना पगार नव्हता. १९३३ च्या कायद्याने ज्या विद्येकडे संशयाने पाहिले, तिनेच पन्नास-साठ वर्षांनंतर प्रशासनाला हात दिला. परवानाधारक हौशी माणूस ही राज्याच्या डोळ्यातली शंका असते की आणीबाणीतली शिदोरी, या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याने तेव्हा पाहिले.

१७/२१
आता नोकरीच्या आयुष्याचा हिशेब मांडू. १९८४ साली दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लावला. काही महिने सरासरी दिवसाला एक केंद्र सुरू होत होते. समजा, एखादा मुलगा तेव्हा बाविसाव्या वर्षी तंत्रज्ञ म्हणून लागला. तो साठ वर्षांचा झाला २०२२ साली. त्याच वर्षाच्या मार्चपर्यंत काही मोक्याची केंद्रे वगळता जुने अॅनालॉग प्रक्षेपक बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले होते. एका माणसाच्या नोकरीत एका तंत्राचा जन्म, भरभराट आणि अंत मावला. पण त्याचा पगार शेवटपर्यंत आला, कारण संस्था उभी होती.

१८/२१
जहाजांवर तसे घडले नाही. १९१२ च्या ‘टायटॅनिक’ दुर्घटनेनंतर मोठ्या जहाजांवर बिनतारीचा पहारा सक्तीचा होत गेला आणि ‘रेडिओ ऑफिसर’ हा मानाचा हुद्दा बनला. मुंबईसारख्या बंदरातल्या तरुणासाठी मोर्सचे प्रमाणपत्र म्हणजे जग पाहण्याचे तिकीट होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहावर आधारलेली नवी सागरी संकट-यंत्रणा पूर्णपणे लागू झाली. बटण दाबले की संकटसंदेश जाऊ लागला आणि खास रेडिओ ऑफिसरची सक्ती उरली नाही. येथे यंत्राबरोबर हुद्दाच गेला. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती आत्मसात केली होती, त्यांना जहाजावर किंवा किनाऱ्यावर दुसरे काम शोधता आले. ज्यांच्याकडे फक्त मोर्सचा वेग होता, त्यांच्यासाठी दार बंद झाले.

१९/२१
पुढची पडझड सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. ओसीएसचे १९८६ साली व्हीएसएनएल झाले आणि २००२ साली तिचे नियंत्रण टाटांकडे गेले. २००० साली दूरसंचार खात्याच्या सेवा बीएसएनएलकडे आल्या. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दुसऱ्या बाजूला १९९५ साली आलेला मोबाइल गावागावांत पोहोचला, म्हणजे बिनतारीचे काम कमी झाले नाही, अफाट वाढले. मात्र ते काम करणारा माणूस आता बहुधा त्या कंपनीचा नसतो.

२०/२१
आजचा टॉवर तंत्रज्ञ पाहावा. सिम एका कंपनीचे, टॉवर दुसरीचा, आणि देखभाल तिसऱ्या ठेकेदाराची. वीज गेली की ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर भार येतो, त्या उतरायच्या आत जनरेटर चालू व्हावा लागतो. मध्यरात्री मोबाइलवर बिघाडाचा इशारा येतो आणि हा माणूस दुचाकीवरून निघतो. काम खडकीच्या तंत्रज्ञाइतकेच जबाबदारीचे, जोखीम अधिक. पण उद्या यंत्र बदलले तर त्याला नवे शिकवणार कोण? खडकीहून आर्वीपर्यंत एक खाते होते. ठेका संपला की ठेकेदार बदलतो आणि अनुभवाची नोंदही कुठे राहत नाही. यंत्राचा मृत्यू या पेशाला नवा नाही. शिकवणाऱ्या संस्थेचा अभाव नवा आहे.

२१/२१
म्हणून या पेशाकडे वळणाऱ्या तरुणांसाठी शंभर वर्षांचा निष्कर्ष साधा आहे. संच बदलत राहतील. लहरी, अँटेना, वीज आणि गोंगाट यांचे नियम बदलणार नाहीत. पोलीस बिनतारी विभाग, लष्कराचे सिग्नल्स, रेल्वे, विमानतळ, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, सर्वत्र तेच नियम चालतात. हौशी रेडिओची परवाना-परीक्षा तर बाराव्या वर्षापासून देता येते. आणि समाजासाठीही एक निष्कर्ष आहे: ज्याच्या भरवशावर किल्लारीसारख्या पहाटे बातमी पोहोचायची आहे, त्याच्या शिक्षणाची आणि नोकरीची काळजी आधीच्या शांत दिवसांतच घ्यावी लागते. येत्या कोजागरीला तामलवाडीच्या रस्त्यावर पोलिसाच्या हातातला संच खरखरला, तर क्षणभर थांबून ऐकावे. पलीकडे पाळीवर कोणीतरी जागे आहे.